भिंतीवरचा बुरा पुसण्याआधी ओल कुठून येते ते शोधा

आषाढात कपाट जरा सरकवलं की मागे काळे-हिरवे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. मग दुकानातून वॉटरप्रूफ रंगाचा डबा येतो, सुट्टीच्या दिवशी दोन हात मारले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फुगे धरतात. दोष रंगाचा नसतो. ओल भिंतीच्या आतून येत असते आणि आपण तिच्या तोंडावर झाकण ठेवलेलं असतं.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते कुणालाच घालवता येत नाहीत. धूळ, लाकूड, कागद, चामडं, डिस्टेंपरमधला चिकट भाग, यातलं काहीही त्यांना खायला चालतं. २० ते ३० अंश तापमान, म्हणजे आपला अख्खा पावसाळा, त्यांना मानवतो. आपल्या हातात राहतं ते फक्त पाणी. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरा धरतो. त्यासाठी भिंत ओलीचिंब दिसायला हवी असं मुळीच नाही. आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर बुरा सहसा धरत नाही. पुढचे सगळे उपाय या दोन आकड्यांवर उभे आहेत.

सातारा-सांगलीत सगळीकडे एकच उपाय चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जत-आटपाडीला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. पाटण, जावळी, शिराळ्याच्या घरांना झडीचा त्रास; कृष्णाकाठच्या काळ्या मातीतल्या घरांना जोत्यातून चढणाऱ्या ओलीचा; आणि शहरातल्या फ्लॅटला, पाऊस कितीही असो, घरातल्याच वाफेचा.

निदान: फॉइल, पेन्सिल आणि टाकी

डागाची जागा कोरडी पुसा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन तिथं लावा आणि चारही कडा रुंद पॅकिंग टेपने हवाबंद करा. ४८ तासांनी काढा. फॉइलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली आणि आतली कोरडी असेल तर खोलीच्या हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर आधी भिंतीचं काम करा.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दोन दिवसांत डाग रेघेबाहेर गेला तर गळती आहे. पाऊस असो-नसो, डाग जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर थांबतो, वरची कड लाटेसारखी वेडीवाकडी असते आणि रंगाच्या पापुद्र्यांखाली पांढरी पूड निघते, तर ओल पायातून चढतेय. एप्रिलच्या उन्हातही डाग तसाच राहत असेल तर पाइप तपासा. पाइपची गळती मीटरवर बघायला सांगतात, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, तेव्हा मीटरपेक्षा टाकी बरी. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. पाणी येण्याची वेळ मध्ये येणार नाही एवढं सांभाळा.

पांढरा थर म्हणजे बुरशीच, असं नाही. त्यावर पाणी शिंपडा. विरघळून नाहीसा झाला तर तो क्षार आहे, त्याला बुरशीचं औषध मारून उपयोग नाही. काळ्या डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. दोन मिनिटांत रंग उतरला तर बुरशी, नाहीतर धूळ किंवा काजळी.

वरून येणारं पाणी

गच्चीचं काम चैत्र-वैशाखात करायचं असतं. मृगानंतर बोलावलेला गवंडी ओल्या स्लॅबवर काहीतरी थापून जातो आणि ते श्रावणापर्यंत सुटतं. मे महिन्यातला वळीव मात्र फुकटची तपासणी आहे: पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जा आणि पाणी जिथं साचलंय तिथं खडूने गोल काढून ठेवा. उतार दर आठ फुटांना किमान एक इंच हवा. ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर चार इंची पाइप साधारण ८५ चौरस मीटर गच्चीचं पाणी नेतो, पण तो मोकळा असेल तर. बहुतेक गच्च्या पाइप लहान म्हणून तुंबत नाहीत. तोंडाशी पानं, पतंगाचा कागद आणि टाकी धुतल्याचा गाळ अडकतो म्हणून तुंबतात.

शंका असेल तर पाइपचं तोंड कापडाच्या गोळ्याने आणि मातीने बंद करा, दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास खालून छत बघत राहा. घर जुनं, स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या किंवा काँक्रीटच्या खपल्या निघत असतील तर मात्र हा प्रयोग नको, कारण दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन.

पाणी स्लॅबच्या मधोमधून क्वचितच शिरतं. ते शिरतं स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात त्या कोपऱ्यातून, पाइपच्या भोवतीने आणि कठड्याच्या डोक्यावरून. कोपऱ्यात गवंडी गोलसर पट्टा भरतात, त्याला वाटा म्हणतात. तो फुटलेला असेल तर वर कितीही थर द्या, पाणी खालून वाट काढतंच. वाटा पूर्ण फोडून, कोपरा तारेच्या ब्रशने घासून, पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने नवा भरा, किमान तीन इंच उंच नि तीन इंच रुंद. मग वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरून वाट्यावरून चढवून कठड्यावर फूटभर न्या. कठड्याचा माथा गच्चीच्या बाजूला उतरता हवा. सपाट माथ्यावर साचलेलं पाणी कठड्यातून मुरतं आणि खालच्या खोलीत छताच्या कडेला डाग पडतो.

भिंतीची तडा केसाएवढी असेल तर रंगातली पुट्टी चालते. नखाचं टोक शिरत असेल तर ती व्हीच्या आकारात सेंटीमीटरभर खोल कापून, पाणी मारून, पॉलिमर मसाल्याने भरावी लागते. सिलिकॉन नुसतं वरून फिरवलं की पहिल्या उन्हातच एका कडेने सुटतं. खिडकीखालच्या डागासाठी आधी खिडकीची ओटी बघा. तिचा उतार बाहेर हवा, आणि बाहेर आलेल्या दगडाच्या खालच्या बाजूला कडेशी एक बारीक खाच हवी. खाच नसली की पाणी दगडाच्या पोटाखालून उलटं चालत भिंतीपर्यंत येतं. ग्राइंडरने खाच पाडायला दहा मिनिटं पुरतात आणि ती पाडायची राहिलेली असते म्हणून लोक अख्खी भिंत रंगवतात.

घाटमाथ्याकडच्या गावांत पश्चिमेच्या भिंतीपुढे गवताची झड, म्हणजे आडोसा, बांधण्याची पद्धत काही उगीच पडलेली नाही. आडवा पाऊस रोज भिंतीत मुरत असेल तर रंगापेक्षा आडोसा भारी. आता गवताऐवजी पत्रा ठोकतात. तो भिंतीला चिकटवून न ठोकता मध्ये लाकडी पट्ट्या देऊन दोन इंच जागा सोडा, खालून-वरून हवा जाऊ द्या. छत पत्र्याचं असेल आणि पाऊस नसतानाही पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नाही. रात्री पत्रा गार होतो आणि घरातली वाफ त्याच्या पोटाला धरते. खिळ्यांवर डांबर लावून ते थांबत नाही. खाली छताची शीट आणि वर आढ्याशी हवा जायला फट, हा त्याचा इलाज.

जोत्यातून चढणारी ओल

जुन्या गावठाणात हा त्रास वाढण्याचं एक कारण रस्त्यात आहे. खडीकरण, डांबरीकरण, मग काँक्रीट, असे थरावर थर चढत गेले, आणि एके काळी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं ते घर आता रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आलं. जोत्यातला ओल अडवणारा थर, असलाच तर, मातीखाली गेला. पहिलं काम म्हणून भिंतीलगतची माती उकरून त्या थराच्या सहा इंच खाली न्या, भिंतीपासून तीन फूट उतार बाहेर द्या आणि पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब सोडा. निम्मी ओल एवढ्यानेच उतरते. अंगणात जागाच नसेल तर भिंतीलगत फूटभर रुंद चर खणून त्यात खडी भरा आणि चराला गटाराकडे उतार द्या.

ओल्या भिंतीला आतून टाइल्सची पट्टी लावणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा उपाय. पाण्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही, म्हणून ते टाइल्सच्या वर चढतं. तीन फुटांचा डाग साडेचार फुटांवर जातो. तेच दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारल्याने होतं. अशा भिंतीचा क्षार धरलेला गिलावा डागाच्या फूटभर वरपर्यंत काढा, सांधे मोकळे करा, एक उन्हाळा उघडी ठेवा, मग चुन्याचाच गिलावा करा. वरून चुन्याची सफेदी: एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात विझवा (डोळ्यांना चष्मा हवाच, चुना उकळून उडतो), २४ तास ठेवा, जाड कापडातून गाळा आणि तीन पातळ हात द्या. चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीला लवकर बस्तान बसवता येत नाही. त्यात चिकटपणासाठी खळ किंवा सरस भरपूर घातला तर मात्र आपणच तिला जेवण वाढतो.

विटांच्या भिंतीला रासायनिक अडथळा भरता येतो. जोत्याच्या लगेच वर, सिमेंटच्या आडव्या सांध्यात, साधारण साडेचार-साडेचार इंचांवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेनची, म्हणजे पाणी चढू न देणारी, क्रीम भरतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. क्रीम भरल्यावर भिंत लगेच वाळत नाही. विटकामाचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंतीला नऊ महिने. तेवढा धीर नसेल तर पैसे घालू नयेत.

घरातली वाफ

वाफेचा हिशेब करून बघितला की डोळे उघडतात. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात बावीसेक लिटर पाणी सुटतं, आणि त्यात भाताची, डाळीची वाफ धरलेलीच नाही. घरात दोरीवर वाळत घातलेले बादलीभर कपडे आणखी दोन-तीन लिटर सोडतात.

आता ही वाफ कपाटामागे काय करते ते पाहा. खोलीत २५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता आहे; वाईट वाटत नाही. पण कपाटामागची पश्चिमेची भिंत अडीच अंशांनी थंड असेल तर तीच हवा भिंतीशी ८१ टक्के होते. बुऱ्याला एवढं पुरतं. म्हणून कपाट, पलंगाचं डोकं, सोफा बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा, आणि जमलं तर आतल्या भिंतीला लावा.

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, अंदाजाने चालू नका. घरातला आकडा ६० च्या खाली ठेवायचा आहे. “खिडक्या उघड्या ठेवा” हा सल्ला अर्धाच खरा. धुकं उतरलेलं असताना किंवा संततधार लागली असताना बाहेर ९० च्या वर आर्द्रता असते. तेव्हा दिवसभर खिडक्या सताड उघड्या टाकणं म्हणजे ओल आत बोलावणं. दुपारी उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा, दिवेलागणीआधी लावून घ्या. आंघोळ आणि स्वयंपाक यांना हा नियम लागू नाही: तिथली वाफ लगेच बाहेर गेलीच पाहिजे, बाहेर पाऊस असला तरी. न्हाणीघरात सहा इंची, स्वयंपाकघरात नऊ इंची एक्झॉस्ट पंखा लावा, काम संपल्यावरही २० ते ३० मिनिटं चालू ठेवा, आणि दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट असू द्या. हवा आत येणार नसेल तर पंखा नुसता घुरघुरतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नको. वाफेपेक्षाही त्याचा धूर जीवघेणा ठरतो.

कपडे वाळवायला एकच खोली ठरवा. दार लावून घ्या, पंखा कपड्यांवर सोडा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. डिह्युमिडिफायर घेणार असाल तर हवेतलं पाणी दिवसाला १० ते १२ लिटर ओढणारं यंत्र एका बंद खोलीला पुरतं. अख्ख्या घराची दारं उघडी ठेवून ते चालवलं तर पाटणच्या पावसाशी कुस्ती खेळल्यासारखं होतं. कापूर आणि डांबरगोळ्यांनी वास झाकला जातो, ओल जात नाही.

आलेला बुरा काढताना

दहा चौरस फुटांपर्यंत घरच्या घरी करता येतं. त्याहून मोठा पसारा असेल तर जाणकाराला बोलवा; आणि घरात दमेकरी, तान्हं मूल अगर कर्करोगाचे उपचार घेणारं माणूस असेल, तर त्यांना दुसरीकडे हलवूनच काम सुरू करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. पंखा बंद करा, दार लावा, खिडकी उघडा. कोरडा ब्रश किंवा झाडू अजिबात नको, त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी डागावर साबणाचं पाणी फवारून तो भिजवा, मग घासा. फडकी पिशवीत बांधून टाकून द्या.

टाइल्स, काच, स्टील, प्लॅस्टिक यांच्यावर लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ६० मिलिलिटर ब्लीच घालून लावा, दहा मिनिटांनी धुवा. गिलाव्यावर आणि लाकडावर ब्लीच फारसं कामाचं नाही. रंग उतरतो, मुळं आत राहतात. तिथं किराणा दुकानातला टाकणखार बरा: लिटरभर कोमट पाण्यात ४० ग्रॅम विरघळवून, घासलेल्या जागी ब्रशने लावा आणि धुऊ नका, तसाच वाळू द्या. लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर मात्र तो लावू नका. व्हिनेगरने बुरा निघतो, पण कडप्प्याच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर ते वापरू नका. हे चुनखडीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची झिलई जाते. आणि एक गोष्ट कधीच करू नका: ब्लीच आणि फरशी धुवायचं ॲसिड किंवा संडास धुवायचं द्रव्य एकत्र. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो माणसाला आडवा करतो.

भिजून बुरा धरलेलं जिप्समचं छत, फुगलेला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) आणि आतपर्यंत काळी पडलेली कापसाची गादी वाचत नाही. पिंजून घेतली तरी गादीतला वास परत येतो.

पुराचं पाणी शिरलेल्या घरात

सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको, तरी क्रम चुकतो. मेन स्विच बंद आहे का ते आधी बघा; वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो पंचनाम्यासाठी काढा, मग वस्तूंना हात लावा. गाळ ओला असतानाच खरवडून धुवा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. भिंतीला टेकलेलं सगळं बाहेर काढा आणि पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत फुगलेला गिलावा, लाकडी पट्ट्या, वॉलपेपर काढून टाका, कारण ओल रेघेच्या वर चढलेली असते. भांडी-स्टीलच्या वस्तू ब्लीचच्या पाण्याने धुता येतात. महत्त्वाची कागदपत्रं लगेच वाळवता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने एकेक वाळवता येतील.

गणपती किंवा दिवाळीच्या आत रंग लावायची घाई सगळ्यात महागात पडते. ऑगस्टमध्ये भिजलेली नऊ इंची भिंत दिवाळीला वरून कोरडी वाटते, आतून नसते. घर उजळवायचंच असेल तर पातळ सफेदी मारा. रंग पुढच्या उन्हाळ्यात, फॉइल चाचणीत आतली बाजू कोरडी निघाल्यावर. नव्या बांधकामालाही हेच लागू. पावसाळ्यात गिलावा करून दसऱ्याला वास्तुशांत केली की पहिल्याच वर्षी कोपरे काळे पडतात. गिलाव्याला किमान २८ दिवस उघडी हवा द्या.

कपाटं आणि ठेवणीतल्या वस्तू

इस्त्री करून लगेच घडी कपाटात घालू नका, पंख्याखाली अर्धा तास जाऊ द्या. रेशमी साड्या प्लॅस्टिकमध्ये नव्हे, सुती कापडात. चामड्याच्या चपला-पट्टे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कागद आठवड्याला बदला. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरा. मिरजेचा तंबोरा घरात असेल तर त्याचा भोपळा म्हणजे वाळलेलं फळच आहे, हे लक्षात ठेवून तो भिंतीला टेकवू नका. खोळीत सिलिका जेलच्या दोन पुड्या घाला आणि उघडीप मिळेल तेव्हा खोळ काढून सावलीत हवा दाखवा, थेट उन्हात नको.

धान्याची कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. शेंगदाण्यांना बुरा दिसला तर निवडून-भाजून वापरायचा मोह टाळा. त्यातलं अफलाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरतं जात नाही आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. अख्खी पिशवी टाकून द्या, आणि गुरांच्या पेंडीतही मिसळू नका. दुधातून ते परत घरातच येतं.